कौमुदीचा पिंग आणि सीतालक्ष्मीबाईंचं सोवळं

हेरंबराव निमकरांना आपली मुलगी हरायला हवी होती. मात्र ती घरच्या नेटमुळे हरता कामा नये, अशी त्यांची अट होती. या दोन गोष्टींतला फरक त्यांनी आठ दिवसांत इतक्या लोकांना समजावून सांगितला, की शेवटी शेवटी तो त्यांचा त्यांनाच समजेनासा झाला.

झालं होतं ते असं. कौमुदी इंजिनियर झाली आणि चेन्नईतल्याच शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं नेमणूकपत्र घरात आलं. तिच्या आईनं, चारुलताबाईंनी, ते देवापुढे ठेवलं. कौमुदीनं ते वाचलं, पुन्हा देवापुढेच ठेवलं आणि सांगितलं, की बंदुकांचा जो ऑनलाइन खेळ ती तीन वर्षं खेळते आहे त्यात तिचा पाच जणांचा संघ शेवटच्या पात्रता सामन्यापर्यंत पोचला आहे. रविवारी जिंकले तर पाचही जणांना खेळायचा वर्षाचा पगारी करार आणि बंगळूरला राहायची सोय. केंद्र सरकारच्या एका खात्यात, आस्थापना शाखेत तीस वर्षं काढलेला माणूस अशा बातमीनं लगेच हलत नाही. हेरंबरावांनी शांतपणे विचारलं, "लेखी आहे का?" कौमुदीनं फोनवर दाखवलं. लेखी होतं. तिथेच त्यांचा पहिला डाव फसला.

मग त्यांनी तोडगा काढला आणि तोही कागदावर उतरवला. कलम एक, संघ जिंकल्यास कौमुदीनं वर्षभर बंगळूरला जावं. कलम दोन, हरल्यास शोळिंगनल्लूर, आणि त्यानंतर हा विषय या घरात पुन्हा निघू नये. कौमुदीनं कागद वाचला आणि खाली आपल्या हातानं तिसरं कलम लिहिलं: हरले तर माझ्यामुळे हरले पाहिजे, आपल्या घरच्या पिंगमुळे नाही. हेरंबरावांनी ते न वाचता सही केली. न वाचता सही करणाऱ्या कारकुनांना त्यांनी आयुष्यभर उभं करून झापलं होतं, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवं.

पिंग म्हणजे काय, हे त्यांना त्याच संध्याकाळी कळलं. आपण इथे वेस्ट मांबलममध्ये चाप ओढायचा. ती बातमी तारेवरून मुंबईच्या सर्व्हरला पोचते, तिथे तिची दखल घेतली जाते आणि तसा निरोप इकडे परत येतो. या जाण्यायेण्याला जो वेळ लागतो तो पिंग, आणि तो मोजायचा सेकंदाच्या हजाराव्या भागात. वीस-पंचवीस असला तर उत्तम. निमकरांच्या घरी तो एकशे चाळीस होता, आणि मनात आलं की तीनशेवरही जायचा.

"म्हणजे बाबा, मला जिथे माणूस दिसतो तिथून तो कधीच गेलेला असतो. मी गोळी झाडते ती रिकाम्या जागेवर. आणि मी भिंतीआड जाऊन बसले तरी मरते, कारण त्याच्या स्क्रीनवर मी अजून बाहेरच उभी असते."

हेरंबरावांना हे चटकन पटलं. निवृत्त होऊन पेन्शन घेणाऱ्या माणसाच्या नावे बदलीचा हुकूम निघालेला त्यांनी स्वतः पाहिला होता. पण पटल्याबरोबर त्यांना पुढचंही दिसलं. ही मुलगी हरली आणि पिंग एकशे चाळीस असला, तर ती पुढची चाळीस वर्षं, अगदी नातवंडांच्या मुंजीतसुद्धा, 'बाबांच्या नेटमुळे हरले' असं सांगत राहील. पोरगी हरावी, नोकरीला लागावी आणि तिच्यापाशी सबब म्हणून नखाएवढीही उरू नये, यासाठी घरचं नेट निर्दोष करणं त्यांना भाग होतं. पहिलवान चीत व्हावा म्हणून आधी त्यालाच खुराक घालावा, तशातला हा प्रकार होता.

पहिलं पाऊल चुकलं. त्यांनी नेटचा वेग सहापट करून घेतला. पिंग होता तिथेच राहिला, एकशे चाळीस.

"वेग वाढविलांत, त्याने काय होणार?" खालच्या मजल्यावरचे अप्पाजी म्हणाले. "रस्ता रुंद केला म्हणोन गाव जवळ येते काय?"

अप्पाजी इमारतीच्या असोसिएशनचे सेक्रेटरी. साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावरला उतरलेल्या मराठी घराण्यातले. त्यांचं मराठी त्या वेळचंच होतं, वाटेत थोडी तमिळ मिसळली एवढंच. सतरा वर्षांपूर्वी तात्पुरत्या बदलीवर आलेले हेरंबराव त्यांच्या लेखी अजून पाहुणे होते आणि पाहुण्याला सल्ला देणं हा अप्पाजींचा धर्म होता. राउटर पूर्वेला तोंड करून ठेवा, असं त्यांनी सुचवलं. राउटरला तोंड कुठे असतं यावर दोघांचा अर्धा तास गेला. फोनवरून हेरंबरावांच्या मेव्हण्यानं, अशोकनं, पिंग कमी करणारं एक ॲप सांगितलं. ते टाकल्यावर कौमुदीचा निरोप सिंगापूरमार्गे मुंबईला जाऊ लागला आणि आकडा दोनशे दहा झाला. चारुलताबाईंनी आमटी जरा जोरात ढवळली.

मग तक्रार. नेट कंपनीच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "सार, व्हिडिओ चालतोय का?"

"चालतोय. पण प्रश्न व्हिडिओचा नाही, पिंगचा—"

"व्हिडिओ चालतोय म्हणजे नेट चालू आहे, सार."

पाच मिनिटांत मेसेज आला, की आपली तक्रार समाधानकारकपणे निकाली काढण्यात आली आहे. असं तीनदा झालं. तीस वर्षं हेरंबरावांनी लोकांची प्रकरणं याच शब्दांत निकाली काढली होती. ते शब्द आपल्या अंगावर येतात तेव्हा कसं वाटतं, हे त्यांना आत्ता कळत होतं, आणि ते कळणं त्यांना अजिबात आवडलं नाही.

बुधवारी त्यांनी रजा टाकली आणि दुसऱ्या कंपनीची फायबर लाइन घ्यायचं ठरवलं. ही तार गच्चीवरून आणावी लागणार, म्हणजे असोसिएशनची परवानगी आली. अप्पाजींनी अर्ज मागितला. तीन प्रतींत.

"अप्पाजी, तुम्ही रोज माझ्याकडे कॉफी पिता."

"कॉफी अप्पाजी पितो. अर्ज सेक्रेटरीला हवा."

अर्ज मंजूर झाला, पण अटीसकट. तार कोणाच्या डोक्याला किंवा हाताला लागता नये, सबब जमिनीपासून निदान साडेआठ फुटांवर असावी. शुक्रवारी तंत्रज्ञ आला, रघु नावाचा. त्यानं अट ऐकली, गच्ची पाहिली आणि टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत आधीपासून असलेल्या दोन कड्यांना काळी तार ताणून बांधली. त्या कड्यांना एक कुजकी दोरी होती, ती त्यानं काढून टाकली. "आत काच आहे, सार," तो म्हणाला. "तार वाकली की आतला उजेड सांडतो. कोणाला हात लावू देऊ नका." साडेआठ फुटांवर कोण हात लावणार, असं म्हणून हेरंबराव हसले. सगळ्या आठवड्यात ते तेवढं एकदाच हसले.

पिंग एकोणीस झाला. शुक्रवारी एकोणीस, शनिवारी एकोणीस, रविवारी दुपारी चारला एकोणीस. हेरंबराव दर वीस मिनिटांनी जाऊन तो आकडा पाहून येत होते. कौमुदीनं कानांवर हेडफोन चढवले आणि बोटं मोडली. हेरंबरावांचा हात तिच्या हाताला लागला, तर तिचे हात गार पडले होते. लहानपणी परीक्षेच्या दिवशी पडायचे तसेच. ते बाहेर येऊन बसले.

सामना साडेचारला होता. चेन्नईत रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ असतो आणि त्या वेळात शहाणा माणूस नवं काही सुरू करत नाही. अप्पाजींनी सामन्याची वेळ बदलून घ्या म्हणून सांगून पाहिलं होतं. पाच विरुद्ध पाच, आधी तेरा फेऱ्या जिंकेल तो संघ विजयी. चार तेहतीसला खोलीतून कौमुदीचा आवाज आला.

"बाबा."

एवढंच. हेरंबराव धावत गेले. स्क्रीनच्या कोपऱ्यात एकशे साठ होता. मग दोनशे तीस, मग नव्वद, मग परत दोनशे. पडद्यावरची माणसं चालता चालता थिजत होती आणि एकदम दुसरीकडेच उगवत होती. कौमुदी भिंतीआड पोचली आणि भिंतीआडच मेली. एक फेरी गेली, दुसरी गेली. संघातला क्षितिज हेडफोनमध्ये इतक्या मोठ्यानं ओरडत होता, की ते बाहेर ऐकू येत होतं. हेरंबरावांनी राउटर बंद करून चालू करावा म्हणून हात पुढे केला, तो चारुलताबाईंनी धरला.

"अहो, बंद केलात तर ती खेळातून बाहेर फेकली जाईल. त्यापेक्षा त्या रघुला फोन लावा."

रघुनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "सार, वर तारेला काही लटकतंय का?"

हेरंबराव पायांत काही न घालता तीन जिने चढून गच्चीवर गेले. तारेला नऊवार ओलं लुगडं लटकत होतं. निळं, काठाचं, पिळून वाळत घातलेलं तरी पाण्यानं जड. मधोमध तारेची झोळी झाली होती आणि कडीपाशी ती काटकोनात मोडल्यासारखी वाकली होती. जिन्याच्या खोलीच्या सावलीत अप्पाजींची पत्नी सीतालक्ष्मीबाई कावळे हाकत बसल्या होत्या. शेजारी लांब वेळूची काठी उभी होती.

"सीतालक्ष्मीबाई, हे काढा. लगेच."

"कां?"

"ही नेटची तार आहे."

"नेट कसले? सोवळ्याची वलणी आहे ही," बाई म्हणाल्या. "जुनी दोरी कुजली, तेव्हांपासोन मी ह्यांस सांगत होत्ये, कोणाचा हात पोचणार नाही अशी उंच वलणी करवा. शुक्रवारी केली. मी विचारले, तुम्हीच केलीत ना? तर मान डोलविली."

हेरंबरावांना धावताना पाहून धापा टाकत मागोमाग वर आलेले अप्पाजी हे ऐकून टाकीकडे बघू लागले. सहा वर्षांत पहिल्यांदा बायकोनं आपलं कौतुक केलं, तेव्हा खरं सांगायचा धीर त्यांना झाला नव्हता. हेरंबरावांना त्यांचा राग यायला हवा होता, पण लग्न झालेल्या माणसाला हा गुन्हा समजण्यासारखा होता.

"ठीक आहे, आता काढा."

"राहुकाळ लागला. सहापर्यंत मी त्यास हात लावणार नाही."

"मी काढतो."

"तुमचा हात लागला की ओवळे झाले. उद्या सासूबाईंची तिथी. हेच नेसोन स्वयंपाक करायचा. आतां पुन्हा धुवायचे कधी, वाळायचे कधी?" त्यांनी काठी जवळ ओढून घेतली. "मी हट्ट करीत नाही, हेरंबराव. त्यांच्या हयातीत त्यांस माझे एक काम पसंत पडले नाही. वर्षाचा हा एक दिवस तरी नीट व्हावा."

खाली फेऱ्या जात होत्या. फोनवर चारुलताबाई म्हणाल्या, "त्यांचे पाच, आपलं काही नाही." हेरंबरावांना लुगडं ओढून खाली टाकावंसं वाटलं आणि त्याच वेळी आपण ते करू शकत नाही हेही कळलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी त्यांना जे एकच येत होतं ते त्यांनी केलं. नियमात तरतूद शोधली.

"ओलेत्यानं चालेल का?"

सीतालक्ष्मीबाईंनी विचार केला. "डोक्यावरोन पाणी घेतलेत तर चालेल. अंगावरचे सगळे ओले हवे. आणि लुगडे भुईस टेकतां नये."

फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला गेला. केंद्र सरकारच्या आस्थापना शाखेचे अधीक्षक पँट-बनियनसकट गच्चीवरच्या नळाखाली बसले आणि त्यांनी चष्म्यासह स्वतःवर तीन बादल्या ओतून घेतल्या. मग काठी घेतली, लुगडं हलक्या हातानं काठीवर उतरवलं, आणि आता हे ठेवायचं कुठे हा प्रश्न समोर उभा राहिला. दुसरी वलणी नव्हती. कठड्यावर कबुतरं बसतात. काठीचं एक टोक हेरंबरावांच्या हातात होतं, दुसरं जमिनीकडे झुकत चाललं होतं.

"पाहतां काय?" सीतालक्ष्मीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "बसा नळाखाली. एक शब्द खरा बोलला असतांत तर ही वेळ आली नसती."

अशा रीतीनं दोन वयस्क गृहस्थ, दोघेही निथळत, डोक्यावर हात ताणून काठी धरून उभे राहिले. समोरच्या इमारतीच्या बाल्कनीत हळूहळू गर्दी जमली. कोणीतरी फोटो काढला. एरवी असोसिएशनकडे लेखी तक्रार करण्यासारखी ही बाब होती, पण सेक्रेटरी काठीच्या दुसऱ्या टोकाला होते.

"अहो, आकडा एकवीस झाला," फोनमधून चारुलताबाई म्हणाल्या.

"कौमुदी काय करतेय?"

"खेळतेय. मेली. थांबा, नाही, दुसरंच कोणीतरी मेलं. आपला एक झाला."

पुढचा पाऊण तास हेरंबरावांनी सामना असा ऐकला. त्यांचे सात झाले, आपले चार. त्यांचे नऊ, आपले आठ. वाऱ्यानं लुगडं भरून यायचं आणि दोघं अडखळायचे. खांद्यांतून कळा येत होत्या, बनियन अंगावर वाळत चालला की सीतालक्ष्मीबाई तांब्यानं पुन्हा पाणी घालत होत्या. मुलगी हरावी म्हणून आपण हे सगळं मांडलं, ही गोष्ट हेरंबराव केव्हा विसरले ते त्यांना कळलं नाही. "आपले अकरा," असं चारुलताबाई म्हणाल्या तेव्हा त्यांच्या तोंडून आपसूक "मोरया" निघालं. आपले बारा, त्यांचे बारा. एकच फेरी राहिली. त्यांनी डोळे मिटले. पोरीचे गार पडलेले हात त्यांना आठवत होते.

त्यांनी डोळे उघडून कठड्यावरच्या फोनकडे मान वळवली.

"चारू?"

"तुम्ही खाली या," चारुलताबाई म्हणाल्या.

सीतालक्ष्मीबाईंनी उरलेली बादली स्वतःच्या डोक्यावर ओतली आणि हेरंबरावांच्या हातातलं टोक घेतलं. राहुकाळात आरंभ करायचा नसतो, चाललेलं काम धरायला हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते तासाभरापूर्वी का पडलं नाही, हे विचारायला हेरंबरावांपाशी वेळ नव्हता.

कौमुदी खुर्चीत बसली होती, हेडफोन गळ्यात. बारा-तेरा. ती रडत नव्हती.

"नेट छान होतं, बाबा," ती म्हणाली. "शेवटच्या फेरीत मी आणि तो, दोघंच राहिलो होतो. तो मला आधी दिसला. गोळीही मी आधी झाडली. हुकली. माझ्यामुळे हरलो."

आठ दिवस, तीन तक्रारी, तीन प्रतींतला अर्ज आणि चार बादल्या पाणी यांनंतर हेरंबरावांना हवं होतं ते वाक्य शब्दशः मिळालं होतं. ते ऐकून त्यांनी दाराची चौकट धरली. कौमुदीनं नेमणूकपत्राला होकार कळवायचं पान उघडलं होतं.

"पहिल्या पाच फेऱ्या सोवळ्यानं खाल्ल्या," ते म्हणाले.

"त्या धरायच्या नाहीत. नंतर आम्ही बरोबरी केली होती."

"का नाही धरायच्या? त्या गेल्या नसत्या तर शेवटची फेरी खेळावीच लागली नसती. पिंग दोनशे होता, मी डोळ्यांनी पाहिलाय. हा सामना ग्राह्य नाही."

"बाबा, शेवटी एकवीस होता."

"तुझ्या त्या कोपऱ्यातल्या आकड्याला काय कळतंय." त्यांचा आवाज चढला आणि मग खाली आला. "पुढची पात्रता फेरी कधी असते?"

"चार महिन्यांनी. पण दुसरं कलम..."

"चार महिने शोळिंगनल्लूरला जा. संध्याकाळी खेळ. तार मी बघतो. विषय बंद झालेला नाही."

तेव्हा कौमुदी रडली. हेरंबराव तसेच निथळत पलंगाच्या कडेला बसले. गादी भिजत होती. तीन वर्षांत हेरंबरावांनी या स्क्रीनकडे कोपऱ्यातला आकडा वाचण्यापुरतंच पाहिलं होतं.

"ती शेवटची गोळी दाखव मला."

कौमुदीनं नाक पुसलं आणि तेवढा भाग परत लावला. एक गल्ली, एक पडकी भिंत. भिंतीपाशी माणूस आला, तिनं झाडली, गोळी त्याच्यापासून चांगली हातभर लांब भिंतीत गेली.

"थोडक्यात गेली," हेरंबराव म्हणाले. "परत लाव."